कोरड्या दुपारचा पाव मिलिमीटर

अहो,

तुम्ही गेल्यापासून कसबा पेठेत एकदाही पाऊस पडलेला नाही. तुमचं यंत्र मात्र तसं म्हणत नाही.

आजही दुपारी फ्रिजवरच्या त्याच्या पडद्यावर थेंबाचं चित्र लुकलुकलं आणि खाली आकडा आला, पाव मिलिमीटर. माघातलं ऊन ओट्यावर पडलं होतं, समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी पापड्या वाळत होत्या, आणि तुमच्या यंत्राच्या म्हणण्यानुसार आपल्या घरावर, फक्त आपल्या घरावर, पाऊस पडून गेला होता. मी गॅस बारीक केला आणि बघत उभी राहिले. थेंब थोडा वेळ लुकलुकला आणि विझला. घरात तुमच्या खुर्चीशिवाय कोणी नव्हतं.

वर्तमानपत्रात द्यायच्या मजकुरात भाऊजींनी ‘मनमिळाऊ’ हा शब्द घातला होता. मी तो काढायला लावला. म्हटलं, ओळखीच्या लोकांचा गैरसमज होईल, दुसरंच कोणीतरी गेलं म्हणून. तुमचे धाकटे भाऊ असूनही भाऊजी तुम्हाला ओळखत नव्हते, यात त्यांचा दोष नाही. तुम्ही माणसांना मनमिळाऊ वगैरे कधीच नव्हता. आकड्यांना होतात.

यंत्र घ्यायचं निघालं ते कंपनीने तुम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली त्या पावसाळ्यात. ‘स्वेच्छा’ या शब्दावर तुम्ही आठवडाभर बोललात आणि मग बोलणंच सोडलंत. सारी नोकरी पिंपरीच्या कारखान्यात नव्या मीटरांची अचूकता तपासण्यात गेली होती. बाहेरून स्वस्त मीटरं येऊ लागली, कारखाना आवरला, आणि घरी तपासण्यासारखं काही उरलं नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची तुम्ही दोनदा परीक्षा घेतलीत. कुकरच्या शिट्यांच्या मधे किती वेळ जातो ते घड्याळ लावून पाहिलंत. तेव्हा मीच मधुराला फोन केला. “बाबांना काहीतरी मोजायला आणून दे,” म्हटलं, “नाहीतर ते मला मोजतील.”

आपली मुलगी तेव्हा हिंजवडीत नुकतीच लागली होती आणि कंपनी तिला काही महिने अमेरिकेला पाठवणार होती. तिने विचारलं, काय आणू? दुसऱ्या बापांनी चॉकलेटं नाहीतर दाढीचं मशीन सांगितलं असतं. तुम्ही म्हणालात, “पर्जन्यमापक. पण कुठला, ते मी कळवतो.” आणि ते कळवायला तुम्ही जवळजवळ तिचा मुक्काम संपवलात. घरी इंटरनेट नव्हतं. तुम्ही लक्ष्मी रोडच्या सायबर कॅफेत जायचात. शेजारच्या खुर्च्यांवरची कॉलेजची मुलं आपापले पडदे लपवत बसायची, आणि तुम्ही उघड्या छातीने पावसाची नळकांडी बघत बसायचात. तो कॅफेवाला मला एकदा मंडईत भेटला. “काका काय करतात हो नेमकं?” त्याने दबक्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, “पाऊस बघतात.” त्यानंतर तो माझ्याशीही जपून बोलायला लागला.

“पाऊस पडतोय की नाही, ते खिडकीतून हात काढला तरी कळतं,” मी तुम्हाला म्हटलं होतं.

“पडतोय ते कळतं. किती ते कळत नाही.”

“किती ते कळून काय करणार?”

“करायचं काही नाही. कळून घ्यायचं.”

मी शाळेच्या ग्रंथालयात जन्म काढलेली बाई. निरुपयोगी माहितीबद्दल मला आदर आहे.

तुमची निवड मात्र लग्नाच्या स्थळासारखी चालली. काचेचं साधं नळकांडं पहिल्या फेरीत बाद झालं, कारण पाऊस येऊन गेला एवढंच ते सांगतं, कधी आला ते सांगत नाही. वायरवालं बाद, कारण गच्चीपासून वायर आणायची तर सोसायटीच्या अध्यक्षांची परवानगी घ्यावी लागली असती. एक फारच लहान तोंडाचं होतं. “एवढ्याशा तोंडाने मोठ्या पावसाबद्दल काय खरं सांगणार?” असं तुम्ही म्हणालात. एक फार देखणं होतं, मला आवडलं होतं. पण ते सगळीकडून चिकटवून बंद केलेलं. “ज्याला स्क्रू नाहीत ते यंत्र नव्हे. ते खेळणं.” शेवटी ठरलं ते रुंद तोंडाचं, बिनतारी, साध्या पेन्सिल सेलवर चालणारं, दिसायला प्लॅस्टिकच्या बादलीसारखं आणि बुडाशी भरपूर स्क्रू असलेलं. मधुराने ते कपड्यांत गुंडाळून आणलं. आत काय असतं ते तुम्ही मला जेवणाच्या टेबलावर उघडून दाखवलंत. वरती नरसाळं, खाली सी-सॉसारखे पाठीला पाठ लावलेले दोन छोटे चमचे. नरसाळ्यातलं पाणी एका चमच्यात पडतं, तो भरला की कलंडून रिकामा होतो आणि दुसरा पाण्याखाली येतो. प्रत्येक कलंडण्याला पाव मिलिमीटर पाऊस. गच्चीवर चमचा कलंडला की खाली फ्रिजवर आकडा वाढतो.

“आणि चमचा अर्धाच भरला तर?” मी विचारलं.

“तर तो मोजला जात नाही.”

“मग त्या पाण्याचं काय होतं?”

“पुढच्या पावसाची वाट बघतं. फार दिवस पाऊस आला नाही तर वाळून जातं.”

हे तुम्ही अगदी सहज सांगितलंत आणि डाळ मागितलीत.

उद्घाटन तुम्हाला नको होतं. पण अध्यक्ष करमरकरांच्या कानावर गेलं की आपल्या इमारतीवर ‘हवामान केंद्र’ होतंय, आणि त्यांनी नारळ आणला. शाल आणली. भाषण आणलं, खिशातून. इमारतीचं नाव आता उपग्रहापर्यंत जाणार असं काहीतरी त्यांनी सांगितलं. उपग्रहाचा आणि तुमच्या बादलीचा काही संबंध नाही हे तुम्ही भाषणाच्या मधेच सांगितलंत. मग त्यांनी नारळ फोडला, आणि पाणी भक्तिभावाने यंत्रावर शिंपडलं. आत नरसाळ्यात गेलं बरंच. खाली आपल्या स्वयंपाकघरात पहिली नोंद झाली. कसबा पेठेतला तुमचा पहिला अधिकृत पाऊस हा नारळाच्या पाण्याचा होता, आणि तो तुम्ही कधी पुसून टाकला नाहीत. “पडला ते पडला,” म्हणालात. दुसऱ्या दिवशी मात्र गच्चीवर तुमची पाटी लागली: ‘पर्जन्यमापकात काहीही ओतू नये. ते काम पाऊस करतो.’

नंतरची वर्षं दुरुस्तीची. तुम्ही यंत्राखाली विटांचा चौथरा केला, त्यावर जुन्या टायरच्या रबराचा तुकडा, कारण टाकीचा पंप सुरू झाला की गच्ची थरथरायची आणि त्या थरथरीनेही चमचा कलंडायचा. इंजेक्शनच्या सुईने थेंब थेंब पाणी सोडून, माप अचूक येईपर्यंत चमच्याखालचे स्क्रू पिळलेत. आत कोळी घर करायचा, म्हणून भोकांना जाळी. कचरा अडावा म्हणून नरसाळ्यात माझी चहाची गाळणी गेली, ती आजतागायत तिथेच आहे. एकदा भर उन्हात पाच मिलिमीटर पाऊस झाला आणि तुम्ही अनवाणी वर धावलात. दुसऱ्या मजल्यावरच्या शेख वहिनींच्या ओल्या गोधड्या यंत्रावरच्या दोरीवरून ठिबकत होत्या. तुम्ही काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “पाणीच पडलं ना भाऊ? मग मोजा की. आमच्या गोधडीतून पडलं म्हणून काय तो पाऊस नाही?” दोरी सरकवण्यावर तडजोड झाली.

वर्तमानपत्रातला आकडा आणि तुमचा आकडा कधी जुळला नाही. मी टोमणा मारला की तुम्ही म्हणायचात, “तो शिवाजीनगरचा पाऊस. हा आपला.”

मग भात यायला लागला.

पहिल्यांदा तुम्ही गाळणी खाली आणलीत तेव्हा मला वाटलं, कबुतरांची घाण आहे. भात होता. शिजलेला, घट्ट वळलेला, आणि त्यात काळे तीळ. आपण दोघं गाळणीकडे बघत राहिलो. तसा भात कुठे होतो, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. नदीवरचा घाट आपल्या गच्चीवरून दिसत नाही, पण कावळ्याला तो जवळच आहे. रोज सकाळी तिथे कुणाचा ना कुणाचा दहावा असतो, पिंड ठेवलेले असतात, कावळे ते उचलतात. आणि त्यातल्या एकाला, किंवा अनेकांना, तुमच्या नरसाळ्याचा काठ बसायला आणि त्यातलं साचलेलं पाणी घास भिजवायला आवडलं होतं. कावळा बसला की यंत्र हलायचं, चमचा कलंडायचा. खाली फ्रिजवर पाऊस पडायचा. तुम्ही त्याला ‘कावळ्याचा पाऊस’ म्हणायचात.

मला ते फार विचित्र वाटायचं. कोण कुठली माणसं, त्यांच्या घरच्यांनी डोळे पुसत ठेवलेला तो शेवटचा घास, आणि तो आपल्या गाळणीत. तुम्ही जुना दात घासायचा ब्रश घेऊन वर जायचात आणि खाली येऊन हात धुता धुता म्हणायचात, “आज कुणीतरी आलं होतं.” एवढंच. ते वाक्य मला आवडत नसे. दुपारी मी स्वयंपाकघरात एकटी असले आणि पडद्यावर थेंब लुकलुकला की मी उगीचच पदर सावरायचे. ओळख नसलेलं माणूस घरात आल्यावर बाई सावरते, तसा.

तुम्ही त्या कावळ्यांवर युद्ध पुकारलंत. नरसाळ्याच्या काठावर गोल, उभ्या तारा बसवल्या, टोकं बाहेर. मुकुटासारखं दिसायला लागलं ते. कावळे दोन दिवस भोवती ओरडले आणि मग यायचे बंद झाले. आपलं खरं भांडण झालं ते त्यावरून.

“पाणी प्यायला बसतो बिचारा, बसू द्या की,” मी म्हटलं.

“हे मोजमाप आहे. पाणपोई नाही.”

“आयुष्यभर हाकलताय त्यांना. तुमच्या वेळी कोण येईल?”

“माझ्या वेळी?” तुम्ही हसलात. “मी कावळ्याची वाट बघत बसणारा माणूस नव्हे. आणि माझं ते दहावं-बिहावं काही करायचं नाही. सांगून ठेवतो.”

“मला सांगू नका. कावळ्यांना सांगा.”

ते भांडण तिथेच राहिलं. तुम्ही तारा काढल्या नाहीत, मी विषय काढला नाही. दोन वर्षं कोरड्या दिवशी एकदाही पाऊस पडला नाही. तुमच्या दृष्टीने यंत्र निर्दोष झालं.

आणि मग या वर्षी, गणपती उठल्यानंतर, पुन्हा सुरू झालं. आश्विनातल्या एका लख्ख दुपारी मी तुम्हाला हाक मारली. “अहो, पाव मिलिमीटर! कोरड्यात!” मला वाटलं, तुम्ही वर धावाल. पेचकस शोधाल, मला बॅटरी धरायला लावाल. तुम्ही आलात, पडद्यासमोर नेहमीसारखी मान तिरकी करून उभे राहिलात, आणि म्हणालात,

“असू दे.”

इतक्या वर्षांच्या संसारात तुमच्या तोंडून हे दोन शब्द मी कधी ऐकले नव्हते. दूधवाल्याचं माप कमी असो की रिक्षाचा मीटर पुढे असो, तुम्ही कधी काही असू दिलं नाहीत. मी तुमच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली, आणि कशाची ते सांगता येईना, म्हणून मी गप्प राहिले. दर दोन-चार दिवसांनी दुपारी थेंब लुकलुकायचा. तुम्ही बघायचात. असू द्यायचात.

पौषात एका सकाळी फिरायला जायचे बूट घालायला तुम्ही खुर्चीत बसलात. एका बुटाची नाडी बांधलीत. दुसऱ्याची राहिली.

तुमचं दहावं झालं. तुम्ही नको म्हणाला होतात हे मी सांगितलं. मधुरा म्हणाली, “आई, काकांना वाटतंय तर करू दे ना. बाबांना काय फरक पडतो?” तर्क तुमचाच होता, मला खोडता आला नाही. आदल्या संध्याकाळी तिने दुसरंही काही मांडलं होतं. तिच्याकडे हिंजवडीत विसाव्या मजल्यावर एक खोली माझ्यासाठी तयार आहे, हा फ्लॅट भाड्याने द्यायचा. “आणि गच्चीवरचं ते बाबांचं पण काढून टाकू. भाडेकरूंना कशाला?” ती प्रेमाने बोलत होती. मी नुसती मान हलवली. त्याचा अर्थ तिने हो असा घेतला.

घाटावर शेजारी आणखी दोन घरांचे पिंड होते. आमच्या डोळ्यांदेखत कावळे आले आणि त्यांचे घास उचलून गेले. त्या लोकांनी सुटकेने नमस्कार केले. तुमच्या पिंडापाशी कोणी येईना. कठड्यावर, झाडावर, तारेवर कावळेच कावळे होते, पण सगळे गप्प. मी कावळे इतके गप्प कधी पाहिलेले नाहीत. आणि ते भाताकडे बघत नव्हते. आमच्याकडे बघत होते.

“काही मनात राहिलं असेल त्यांच्या,” गुरुजी मोबाइलवर बोटं फिरवत म्हणाले. “बोला कोणीतरी.”

भाऊजी पुढे झाले. हात जोडून म्हणाले, “दादा, वहिनींची काळजी करू नकोस. त्यांना एकटं ठेवणार नाही. मधुराकडे पाठवतो.” कोणी हललं नाही. “दादा, नातवाची मुंज थाटात करू.” यावर एक कावळा चक्क उडून गेला. तुमचं मुंजीबद्दलचं मत त्याला ठाऊक असावं.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. “वहिनी, तुम्ही बोला. तुमचंच ऐकतील.”

माझ्या जिभेवर एक वाक्य होतं. इतकं वेडगळ होतं की गुरुजींसमोर, भाऊजींसमोर, जावयासमोर मला ते बोलता येईना. माझा या कशावर विश्वास नाही, तुमचाही नव्हता. मग ज्या गोष्टीवर विश्वास नाही तिच्यासमोर नवस का बोलायचा? मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. मागे कोणीतरी बाई हळूच म्हणाली, “किती कोरडी आहे.” शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, म्हणजे गवताला एक गाठ मारली, आणि ती भाताला टेकवून प्रकरण मिटवलं. आम्ही मागे वळून न बघता निघालो. तसंच निघायचं असतं.

मला वाटलं होतं, हसण्यावारी नेईन. घरी येऊन तुम्हाला सांगेन की मी म्हटलंच होतं, हाकलू नका म्हणून. पण रिक्षात बसल्यापासून एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. काय राहिलं होतं? तुमचं माझ्याकडे काय राहिलं होतं?

घरी पाहुण्यांची चहाची गडबड. मी दूध काढायला फ्रिजपाशी गेले आणि पडद्यावर आकडा होता. आम्ही घराबाहेर असताना आपल्या घरावर पाऊस पडून गेला होता.

मी कुणाला दाखवलं नाही. दूध काढलं. चहा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे पांगल्यावर, मी गच्चीवर गेले. तुमच्या चौथऱ्यापाशी मी कधी एकटी गेले नव्हते. ऊन होतं, कबुतरंसुद्धा नव्हती. गाळणीत भात होता. वाळून कडक झालेला, काळ्या तिळांचा.

मी ग्रंथपाल आहे, मला पुरावा आणि अनुमान यांतला फरक कळतो. घाटावर त्या दिवशी तीन घरं होती. आमची पाठ वळल्यावर कावळ्यांनी तुमचाही भात उचललाच असणार, ते काही उपाशी राहत नाहीत. गाळणीतला घास कुणाचाही असू शकतो. हे सगळं मी स्वतःला तिथे उभ्या उभ्या, मोठ्याने सांगितलं. मग मला दिसलं की तुमच्या तारांच्या मुकुटाला एका बाजूला फट आहे.

तुटलेली नव्हती ती. कापलेली होती. चार-पाच तारा बुडाशी कापून, त्यांची टोकं कानशीने घासून, प्रत्येक टोकावर सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचा इवलासा तुकडा चढवलेला. पायाला टोचू नये म्हणून. कुणाच्या पायाला, हे मला विचारायची गरज नव्हती. इतकं नीट काम या पेठेत दुसरं कोणी करत नाही. एक पक्षी ऐसपैस बसेल एवढीच जागा होती. तुम्ही मोजून घेतली असणार.

म्हणजे गणपतीनंतरचा तो पाऊस तुम्हाला ठाऊक होता. म्हणून असू द्यायचात. दार तुम्हीच उघडून ठेवलं होतं.

का, ते मी आता कुणाला विचारू? छातीत काही कळ आली होती का, जी तुम्ही मला सांगितली नाहीत? की दोन वर्षांनी माझं भांडणातलं वाक्य तुम्हाला पटलं, आणि हरलो म्हणायची सवय नसल्यामुळे तुम्ही पकड घेऊन गच्चीवर गेलात? विचारलं असतं तर म्हणाला असतात, “प्रयोग. कावळ्याच्या वजनाने चमचा कलंडतो का ते बघत होतो.” आणि मीही ते खरं मानलं असतं. आपण दोघांनी किती गोष्टी अर्ध्या चमच्यावर सोडल्या. मला वाटायचं, येईल पुढचा पाऊस, मोजलं जाईल. तुम्ही मात्र मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की ते वाळूनही जातं.

मी गाळणी काढायला हात पुढे केला, तेव्हा पाण्याच्या टाकीवरून एक कावळा खाली आला आणि त्या फटीत बसला. माझ्यापासून हातभर अंतरावर. उडाला नाही. मान तिरकी करून त्याने माझ्याकडे पाहिलं. कावळे मान तिरकीच करतात, मला माहीत आहे. त्यांचे डोळे बाजूला असतात म्हणून. हे पुस्तकात वाचलेलं मला त्या क्षणी शब्दन् शब्द आठवत होतं, आणि तरीही मी पदर सावरला. नेहमीसारखा नाही. तुम्ही अचानक कामावरून लवकर आलात की सावरायचे, तसा.

गाळणी मी तशीच राहू दिली.

काल रविवारी मधुरा आली. खोकी घेऊन. “आई, तुझी पुस्तकं आधी नेऊ,” म्हणाली. “तिकडे तुला छान वाटेल बघ. मोकळी हवा, शांत. विसाव्या मजल्यावर डाससुद्धा येत नाहीत.”

“आणि कावळे?”

“अगं, कावळे कुठले एवढ्या उंच!”

“तेच म्हणते मी.”

तिला वाटलं, मी नेहमीसारखी तिरकस बोलतेय. ती हसली, चहा टाकायला उठली, आणि फ्रिजसमोर थबकली. थेंब लुकलुकत होता. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्यावर कोरडं, पांढरं ऊन. तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि तिच्या दंडावर काटा आलेला मला दिसला. तुमचीच मुलगी, लगेच सावरली.

“आई, हे बिघडलंय. बाबा नाहीत, आता कोण दुरुस्त करणार? सेल काढून टाकू?”

घाटावर सगळं गणगोत माझ्या तोंडाकडे बघत असताना जे वाक्य माझ्या ओठांतून निघालं नव्हतं, ते निघालं. स्वयंपाकघरात, फ्रिजकडे बघून. “यंत्र निघणार नाही. आणि मीही इथून हलणार नाही.”

पडद्यावरचा थेंब विझला.

मधुराने चहाचं आधण ठेवलं. डोक्यावर गच्चीच्या स्लॅबवर काहीतरी खरडल्यासारखं वाजलं, नखांचं असावं, आणि थांबलं. तिने वर पाहिलं.

“वर कोणीतरी आहे. बघून येऊ?”

“असू दे,” मी म्हटलं.